क्षेत्राला दोष देण्यापूर्वी बीज पाहू या

(पुण्यातील मार्केट यार्ड परिसरातील कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



मार्केट यार्डात उभे राहून बियाण्याविषयी बोलणे म्हणजे सोनारासमोर सोन्याची पारख सांगण्यासारखे आहे. गुलटेकडीच्या या बाजारात रोज पहाटे जो माल उतरतो, त्याची आवक का घटली, प्रत का उतरली, हे तुम्ही शेतकऱ्याला विचारता. त्या वेळी जमीन, पाणी, हवामान आणि बियाणे या चारही गोष्टींची चौकशी होते. केवळ जमिनीला दोष देऊन कोणी जाणता माणूस मोकळा होत नाही. परंतु विवाहाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही की हीच जाणती माणसे बाकीच्या तीन गोष्टी विसरतात. सगळी चौकशी सुनेपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते.

आजचा विषय पुरुषाच्या प्रजननक्षमतेचा आहे. सभेत माता-भगिनी बसलेल्या असताना असा विषय काढावा का, असा संकोच काहींच्या मनात असेल. या विषयावरील मौनाची किंमत आजवर मुख्यतः भगिनींनीच मोजली आहे. म्हणून त्यांच्या उपस्थितीतच तो मांडला जावा, असे मला वाटते.

शब्दांनी केलेला अन्याय

आपल्या भाषेकडे जरा पाहा. अपत्यहीन स्त्रीसाठी बोचणारे शब्द आपल्याकडे किती सहज वापरले जातात! तिला डोहाळजेवणाला बोलवायचे की नाही, तिने ओटी भरावी की नाही, याची कुजबुज होते. पुरुषासाठी मात्र तितका बोचरा आणि नेमका शब्द रूढच झाला नाही. जो आहे तो 'नपुंसक' आणि तो तर सर्वस्वी चुकीच्या अर्थाने वापरला जातो. नपुंसकत्व म्हणजे शरीरसंबंधाची अक्षमता. वंध्यत्व म्हणजे शरीरसंबंध व्यवस्थित असूनही गर्भधारणा न होणे. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तम शरीरयष्टीच्या, भरघोस मिशांच्या, वैवाहिक जीवनात कोणतीही अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसणे शक्य आहे. हा फरक लोकांना ठाऊक नसतो. म्हणून वीर्यतपासणीचा शब्द काढला की पुरुषाला आपल्या पौरुषावरच संशय घेतला जात आहे असे वाटते आणि तो पाठ फिरवतो.

वस्तुस्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारणपणे सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. वैद्यकीय अनुभव असा की अपत्य न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. सुमारे पाचव्या हिश्श्यात तर दोष केवळ पुरुषाकडे असतो. म्हणजेच फक्त पत्नीची तपासणी करणारे कुटुंब अर्धाच हिशेब तपासते आणि तोट्याचे कारण सापडत नाही म्हणून कपाळावर हात मारते.

पूर्वसूरींची दृष्टी

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचे विचार आहेत. तसे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दुसरा अध्याय शुक्र आणि शोणित या दोहोंच्या शुद्धीविषयी आहे. त्यात शुक्राचे दोष आधी सांगितले आहेत आणि मग आर्तवाचे. गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टींचा संयोग लागतो, हा सिद्धान्तही तिथेच मांडला आहे. चरकाचार्यांनी शुक्राचे आठ दोष गणले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक संपूर्ण अंग पुरुषाच्या शुक्राला वाहिलेले आहे. महाभारतातील कुरुवंशाची कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. विचित्रवीर्य निपुत्रिक गेला, पांडू शापामुळे अपत्योत्पादनास असमर्थ ठरला. त्या कथेत अंबिका, अंबालिका, कुंती किंवा माद्री यांना कोणी दोष दिलेला नाही. ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो, त्या परंपरेने बीज आणि क्षेत्र दोन्ही तपासायला सांगितले आहे. सर्व भार स्त्रीवर टाकण्याची रीत ही त्या परंपरेची विस्मृती आहे.

अलीकडच्या काळात महाराष्ट्रात या विषयावरील मौन ज्यांनी तोडले, त्यांत महर्षी कर्व्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव घ्यावे लागेल. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यासाठी नोकरी गमावली, खटले सोसले. त्यांतील एका खटल्यात, १९३४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. कर्व्यांची सर्व मते आपल्याला पटतीलच असे नाही. मलाही ती सर्व पटत नाहीत. परंतु शरीराविषयी शास्त्रीय भाषेत आणि निर्भयपणे बोलता येते, हा त्यांनी घालून दिलेला धडा घेण्यासारखा आहे.

नव्वद दिवसांचे पीक

आता शरीराकडे वळू. वृषणामध्ये शुक्राणू तयार होण्यास सुमारे चौऱ्याहत्तर दिवस लागतात. त्यानंतर अधिवृषण नावाच्या गुंडाळलेल्या नलिकेतून प्रवास करून परिपक्व होण्यास आणखी सुमारे दोन आठवडे. म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत हे तीन महिन्यांचे पीक आहे. आज तंबाखू सोडली तर तिचा लाभ आजच्या तपासणीत दिसणार नाही. तो तीन महिन्यांनी दिसू लागेल. तसेच दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूचा किंवा टायफॉइडचा सडकून ताप येऊन गेला असेल, तर आजचा अहवाल वाईट येऊ शकतो आणि काही काळाने तो आपोआप सुधारतोही. 'पंधरा दिवसांत संख्या दुप्पट' असे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास का ठेवू नये, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

दुसरी गोष्ट तापमानाची. वृषण शरीराच्या बाहेर, स्वतंत्र पिशवीत का असतात? कारण शुक्राणूंच्या निर्मितीसाठी शरीराच्या अंतर्भागापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी तापमान लागते. हा निसर्गाचा संकेत लक्षात ठेवला की पुढची अनेक पथ्ये समजतात.

तपासणी : पहिली पायरी पुरुषाची

विवाहानंतर कोणतेही साधन न वापरता नियमित सहजीवन असताना एका वर्षात बहुसंख्य जोडप्यांना, सुमारे शंभरातील ऐंशी ते पंच्याऐंशी जणांना, गर्भधारणा होते. वर्ष उलटूनही न झाल्यास दोघांनीही डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे.

वीर्यतपासणी सर्वांत सोपी, वेदनारहित आणि तुलनेने अत्यंत स्वस्त आहे. एका कुटुंबाची कथा सांगतो, जी थोड्याफार फरकाने आम्हा डॉक्टरांना वारंवार ऐकायला मिळते. मराठवाड्यातून पोट भरण्यासाठी आलेला, पाठीवर पोती वाहणारा तरुण. लग्नाला पाच वर्षे झालेली. पत्नीची सोनोग्राफी झाली, गर्भाशयाची पिशवी साफ करून झाली, दुर्बिणीतून तपासणी झाली, दोन देवस्थानांचे नवस झाले, कर्ज झाले. घरात दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झाली. या साऱ्या काळात त्या तरुणाची वीर्यतपासणी एकदाही झाली नव्हती. ती केली तेव्हा संख्या फारच कमी निघाली. कारण शोधले, ते शस्त्रक्रियेने सुधारण्याजोगे होते. पाच वर्षे, ते कर्ज आणि त्या मुलीचे अश्रू, हे सारे एका साध्या चाचणीने वाचले असते. शिवाय दुसरे लग्न झाले असते तर आणखी एका मुलीच्या कपाळी तोच डाग लागला असता.

तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा. नमुना स्वच्छ डबीत संपूर्ण द्यावा आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचेल असे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, हालचाल करणारे शुक्राणू ४२ टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के, या खालच्या मर्यादा मानल्या जातात. तुमच्याच भाषेत सांगायचे तर आवक, चाल आणि प्रत या तिन्ही गोष्टी पाहायच्या. शंभरांत केवळ चारच योग्य आकाराचे, हे वाचून घाबरू नका. निरोगी पित्यांमध्येही असेच आढळते. हे आकडे म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा नव्हे. यापेक्षा कमी संख्या असलेले अनेक जण पिता झाले आहेत. एक अहवाल वाईट आला तर काही आठवड्यांनी दुसरा करावा आणि मगच निष्कर्ष काढावा.

उपचार होऊ शकतात अशी कारणे

पुरुष-वंध्यत्वात आढळणारे, शस्त्रक्रियेने दूर करता येणारे सर्वांत सामान्य कारण म्हणजे व्हेरिकोसील. वृषणाभोवतीच्या नीला फुगतात, जसे पायावर फुगीर शिरांचे जाळे दिसते तसे. सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांत ते असते. वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत मात्र ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत आढळते. म्हणजे ते असले की अपत्य होणारच नाही असे नाही. परंतु हाताला जाणवण्याइतके मोठे असेल आणि अहवालही वाईट असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार अवश्य करावा.

दुसरे कारण मार्गातील अडथळा. वृषणात शुक्राणू तयार होतात, पण बाहेर येत नाहीत. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचे एक कारण आहे. क्षय केवळ फुप्फुसांचा नसतो, तो अधिवृषणालाही होतो. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत क्वचित शुक्रवाहिनीला इजा होते. जड ओझी उचलणाऱ्या वर्गात हर्नियाचे रुग्ण पुष्कळ, म्हणून ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

काही कारणांचे मूळ बालपणात असते. इथे बसलेल्या आजी आणि आयांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बाळाला तेल लावताना दोन्ही वृषण पिशवीत उतरले आहेत ना, हे पाहावे. सहा महिन्यांपर्यंत उतरले नसतील तर बालशल्यचिकित्सकाकडे न्यावे. शस्त्रक्रिया वर्षाच्या, फार तर दीड वर्षाच्या आत व्हावी. 'मोठा झाला की उतरेल' या समजुतीने कित्येकांचे नुकसान झाले आहे. गालगुंड वयात आल्यानंतर झाले तर वृषणांना सूज येऊन कायमची हानी होऊ शकते. त्यावरील लसीबाबत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मधुमेहही विसरून चालणार नाही. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे आपल्या पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिले. मधुमेहाने शुक्राणूंची गुणवत्ता बिघडते आणि वीर्य बाहेर न पडता मूत्राशयाकडे वळण्याचा दोषही उद्भवतो. गाळ्यावर दिवसभर बैठक मारणाऱ्या व्यापारी बंधूंनी पोटाच्या घेराकडे आणि साखरेकडे लक्ष द्यावे.

व्यसन, तालीम आणि 'ताकदीची' औषधे

तंबाखूच्या बाबतीत शंकेला जागा नाही. धूम्रपान करणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या, गती आणि आकार तिन्ही उतरतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. 'मी ओढत नाही, फक्त मळतो' असे म्हणणाऱ्यांचीही सुटका नाही. वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या भारतीय पुरुषांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तंबाखू चघळण्याचे प्रमाण जितके अधिक, तितकी वीर्याची गुणवत्ता कमी आढळली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती आपल्या मनाने कधी स्वीकारायची, हे आपल्या हाती आहे. अतिरिक्त मद्यपानाचा परिणामही असाच घातक.

दुसरा विषय तरुणांसाठी. पुण्याला तालमींची थोर परंपरा आहे. त्या तालमीतला पैलवान दूध, बदाम आणि जोर-बैठकांवर घडत होता. आज व्यायामशाळांत 'लवकर बॉडी' करण्यासाठी टेस्टोस्टेरॉन आणि तत्सम स्टेरॉइडची इंजेक्शने गुपचूप दिली जातात. तरुणाला वाटते, पुरुषाचे संप्रेरक घेतल्याने पुरुषत्व वाढेल. घडते नेमके उलटे. बाहेरून संप्रेरक आले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी समजते की आता निर्मितीची गरज नाही आणि वृषणांना जाणारा आदेशच थांबवते. वृषण आक्रसतात, शुक्राणूंची संख्या शून्यापर्यंत जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांची चाचणी घेतली होती, ती पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून! इतके सांगितले म्हणजे पुरे. औषध बंद केल्यावर बहुतेकांची निर्मिती पूर्ववत होते, पण त्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. ज्यांना मूल हवे आहे त्यांनी कोणाच्याही सांगण्यावरून हे इंजेक्शन घेऊ नये.

तिसरा विषय भिंतींवरच्या जाहिरातींचा. 'निराश होऊ नका, भेटा' असे सांगणाऱ्या तंबूंचा आणि फलकांचा. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ पासून कायद्याने मनाई आहे. त्या पुड्यांत काय असते हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि कधी कधी देणाऱ्यालाही. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे तर नोंदणीकृत, पदवीधर वैद्याकडून घ्यावेत. आयुर्वेदाचे नाव वापरणाऱ्या भोंदूकडे जाणे हा आयुर्वेदाचाच अपमान आहे.

उष्णता, फवारणी आणि ओझे

बाजारात दूरच्या पल्ल्याचे ट्रक येतात. तासन्‌तास तापलेल्या इंजिनाजवळ बसून राहणारे चालक, भट्टीजवळ काम करणारे कारागीर, मांडीवर लॅपटॉप ठेवणारे संगणक-अभियंते, या सर्वांना उष्णतेचा त्रास संभवतो. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करणे, सैल सुती वस्त्रे वापरणे, फार कढत पाण्याच्या टबात न बसणे, हे बिनखर्चाचे उपाय आहेत.

तुमच्यापैकी अनेकांची गावाकडे शेती आहे, म्हणून कीटकनाशकांविषयी बोलतो. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील एका कारखान्यात डीबीसीपी नावाचे कृमिनाशक तयार करणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मुले होत नाहीत. तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा अजिबात नसल्याचे आढळले. केरळातील कासरगोड जिल्ह्यात एंडोसल्फानच्या फवारणीच्या प्रदेशातील मुलग्यांत वयात येण्याची प्रक्रिया लांबल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये नोंदवले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रसायनावर बंदी आणली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे तर आपण विसरूच शकत नाही. प्राणावर बेतते तेव्हाच आपण जागे होतो. पण रसायन कातडीतून थोडे थोडे जात राहते, त्याचा परिणाम गाजावाजा न होता होतो. हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याच्या दिशेचे भान आणि फवारणीनंतर लगेच आंघोळ, एवढे तरी गावाकडच्या भावाला कळवा.

आणि ओझ्याचे काय? हमाल बंधू नेहमी विचारतात, वजन उचलल्याने मूल होत नाही का? याविषयी अमेरिकेतील दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आले. एकात कष्टाचे काम करणाऱ्यांत संख्या कमी आढळली, तर २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासात कामावर वारंवार ओझी उचलणाऱ्यांत ती अधिक आढळली. तेव्हा हमालीमुळे पितृत्व हरवते असे म्हणण्यास आधार नाही. कष्ट करणाऱ्या माणसाने त्या भीतीचे ओझे पाठीवर घेऊ नये.

गृहस्थाश्रमाची वेळ

आता थोडे नाजूक, परंतु आवश्यक. या बाजारातील पुरुष मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे कामाला निघतो. पत्नी सकाळी कामाला जाते. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील जोडप्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असतात. चालक पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो. आणि मग तक्रार होते की गर्भ राहत नाही. स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, असे महिन्यातून सहाच दिवस गर्भधारणेला अनुकूल असतात. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर साधारणपणे नवव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतचे. पाळी मागेपुढे होत असेल तर हा हिशेबही बदलतो. म्हणून दिवस मोजत बसण्यापेक्षा दोन-तीन दिवसांच्या अंतराने नियमित सहवास हा सर्वांत साधा नियम.

काहींचा समज असा की वीर्य साठवून ठेवले की बीज बलवान होते. ब्रह्मचर्याचे माहात्म्य त्या त्या आश्रमात आहेच. परंतु गृहस्थाश्रमाचा धर्म निराळा. दीर्घकाळ साठलेल्या शुक्राणूंची गती मंदावते. अपत्याची इच्छा असलेल्या गृहस्थाने महिनाभराचा संयम पाळणे हिताचे नाही.

पुरुषाला वयाचे बंधन नाही, हाही एक भ्रम. चाळिशीनंतर त्याच्याही बीजाची गुणवत्ता हळूहळू उतरते. शिक्षण, नोकरी, सदनिका, मोटार असे सर्व झाल्यावर विवाहाचा विचार करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी हे ध्यानात घ्यावे.

आहार : अपेक्षा किती ठेवावी?

भुसार बाजारात सुकामेवा काही कमी नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात निरोगी तरुणांनी बारा आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खाल्ल्यावर शुक्राणूंची गती व आकार सुधारल्याचे २०१२ मध्ये नोंदवले गेले. त्याचा अर्थ अक्रोड हे औषध आहे असा घेऊ नये. डाळी, उसळी, पालेभाज्या, फळे, दूध, मूठभर सुकामेवा, असा आपला घरचा सकस आहार, पुरेशी झोप आणि रोजचा व्यायाम हेच खरे. महागड्या गोळ्यांविषयी मात्र सावध करतो. फॉलिक ॲसिड आणि झिंक पुरुषांना देऊन अमेरिकेत २३७० जोडप्यांवर चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार त्या गोळ्यांनी ना वीर्याची गुणवत्ता सुधारली, ना जन्मणाऱ्या बालकांची संख्या वाढली. जो पैसा गोळ्यांवर जातो, तो फळांवर आणि योग्य तपासणीवर खर्च व्हावा.

विज्ञानाची साथ, कायद्याचे रक्षण

१९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी परीक्षानळीतील बालकाचा प्रयोग यशस्वी केला. हयातीत त्यांना उपेक्षाच मिळाली आणि १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी असे बालक जन्माला आणले. त्या कार्यात सहभागी असलेले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच मुखोपाध्यायांची कागदपत्रे अभ्यासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. असा मोठेपणा विरळा. पुरुष-वंध्यत्वासाठी खरे वळण १९९२ मध्ये ब्रुसेल्सला आले. एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने स्त्रीबीजात सोडण्याचे, 'इक्सी' नावाचे तंत्र तिथे सिद्ध झाले. वीर्यात शुक्राणू नसले तरी काही रुग्णांच्या वृषणातून ते काढता येतात. मात्र हे उपचार खर्चिक आहेत आणि प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. म्हणून सुधारता येणारी कारणे आधी दूर करावीत. २०२१ च्या कायद्याने अशी केंद्रे नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे. नोंदणी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आणि सर्व प्रयत्न करूनही यश आले नाही तर? तर दत्तकविधान आहे. ससून रुग्णालयाच्या आवारात 'सोफोश' संस्थेचे 'श्रीवत्स' आहे, तिथून अनेक बालकांना घर मिळाले आहे. यशोदेचे मातृत्व आपण देवकीपेक्षा कमी मानत नाही. मग नंदाचे पितृत्व तरी कमी का मानावे?

कार्यकर्त्यांचे काम

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर येथे सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी समाजाचा जननदर २.१ च्या खाली जाऊ नये, ही चिंता बोलून दाखवली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ होता. किती मुले असावीत, हा निर्णय ज्याच्या त्याच्या कुटुंबाचा. परंतु ज्यांना मूल हवे आहे, त्यासाठी जे रात्र रात्र झुरतात, त्यांच्या दाराशी आपण कोणता विचार घेऊन जातो? कुटुंब प्रबोधनाचे काम करणाऱ्याने आधी त्या दाराशी जावे, असे मला वाटते.

आपापल्या वस्तीत चार गोष्टी करा. एक, अपत्य नसलेल्या जोडप्याला चारचौघांत 'गोड बातमी कधी' असे विचारू नका. दोन, तपासणीचा विषय निघाला की 'आधी मुलाची तपासणी' हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून निघेल असे वातावरण घडवा. तीन, हळदीकुंकवाला आणि ओटीभरणाला त्या भगिनीला मानाने बोलवा. तिने भरलेली ओटी तितकीच मंगल असते. चार, ज्या पुरुषाचा अहवाल वाईट आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवा. तो कमी पुरुष नाही. तो एका आजाराचा रुग्ण आहे आणि बऱ्याचदा त्यावर उपाय आहे.

आज घरी गेल्यावर प्रत्येक पुरुषाने एवढेच ठरवावे. माझ्या घरात किंवा नात्यात कोणी डॉक्टरांकडे निघाले तर ती एकटी जाणार नाही. पती तिच्यासोबत जाईल आणि पहिली चिठ्ठी स्वतःच्या नावाची लिहून घेईल.